‘ते चार दिवस ग्राउंडवर पाठवू का?’ : एका खो-खोपटू मुलीची केस

‘पाळीत एवढं पळाल्यानं गर्भाशयावर ताण येईल का? पुढे मूल व्हायला अडचण येईल का?’ पुण्यात खेळाडू मुलींच्या आया समुपदेशनाला येतात तेव्हा हा प्रश्न सुरुवातीला क्वचितच निघतो. आधी ‘हल्ली तिचं लक्ष नाही’, ‘सारखी चिडते’, ‘दहावी जवळ आली, खेळ बंद करावा म्हणतोय’ हे सगळं होतं. मग पर्स उचलता उचलता हा प्रश्न येतो, आणि तोही आवाज खाली आणून.

उत्तर सरळ आहे. पाळीत खेळल्यानं गर्भाशय सरकत नाही की मूल होण्याची क्षमता कमी होत नाही. त्रास नसेल तर पूर्ण सराव, थोडा असेल तर हलका, जास्त असेल तर विश्रांती. पण एवढं सांगून काम होत नाही, कारण मुलीला ग्राउंडवर जाऊ न देणारी गोष्ट बहुतेक वेळा गर्भाशय नसतेच. पुढची केस त्यासाठीच सांगत आहोत. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

मुलगी १५ वर्षांची, नववीतली. शहराच्या दक्षिण भागातल्या एका क्लबकडून खो-खो खेळणारी, आक्रमणात तरबेज. चार महिन्यांपासून दर महिन्याला पाच-सहा दिवस तिचा घोटा दुखायचा. एक्स-रेत काही निघालं नाही, तेव्हा सरांनी ‘नाटकं’ म्हणून विषय संपवला. घोटा हे पाळीचं निमित्त आहे हे आईला कळलं होतं, पण तिला वाटत होतं की लेकीचं पोट फार दुखतं. म्हणून ती स्वतःच ‘राहू दे आज’ म्हणायची. वडिलांना काहीच माहीत नव्हतं. आजी म्हणायची, ‘आमच्या वेळी बाजूला बसायचो तेच बरं होतं, अंगाला आराम तरी मिळायचा.’ (आजीच्या या वाक्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. पण आराम मागून घेणं वेगळं आणि बाजूला बसवलं जाणं वेगळं.)

पहिलं सत्र मुलीशी एकटीशी झालं. ‘खेळ का सोडतेस?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी पाळीचा दुसरा दिवस सकाळपासून रात्रीपर्यंत घड्याळाप्रमाणे सांगायला लावला. सातला शाळा. एकला घरी, तेव्हा पॅड बदलला. तीनला क्लास, तिथूनच पाचला ग्राउंड, पावणेआठला घरी. म्हणजे सर्वांत जास्त रक्तस्रावाच्या दिवशी एकच पॅड पावणेसात तास, त्यातले दोन तास पळण्या-लोळण्याचे. पॅड साधारण चार ते सहा तासांत बदलायला हवा. मग ग्राउंडवर का नाही बदलला? तिथं मुलं-मुली दोघांना मिळून एक स्वच्छतागृह, आतून कडी नाही, नळ बाहेर, कचऱ्याचा डबा नाही.

चार महिन्यांपूर्वी क्लबच्या एका सामन्यात तिच्या क्रीम रंगाच्या शॉर्टवर डाग पडला होता. खो-खोत आठ आक्रमक मधल्या पाटीवरच्या चौकोनांत उकिडवे बसतात, एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. त्यामुळे प्रत्येकीची पाठ कुठल्या तरी बाजूच्या प्रेक्षकांकडे असतेच. त्या बाजूला त्यांच्याच क्लबातली मुलं होती. एक हसला. दुसऱ्यानं नंतर ग्रुपवर लाल ठिपक्याची इमोजी टाकली. सरांनी ती पाहिली आणि काहीच बोलले नाहीत.

दुसऱ्या सत्रात एका कागदावर चार रकाने आखले: डाग, दुखणं, थकवा, लोक. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण द्यायचे. मुलीनं डागाला नऊ, लोकांना नऊ, थकव्याला सहा आणि दुखण्याला चार दिले. तोच कोरा कागद आईला वेगळा दिला. तिनं दुखण्याला नऊ दिले आणि ‘लोक’ हा रकाना मोकळाच ठेवला. चार महिने घरात ज्या दुखण्यावर आराम दिला जात होता, ते यादीत सर्वांत खाली होतं. कुठल्याही घरात हा कागद दहा मिनिटांत भरून होतो, आणि पुढचं सगळं त्यावरून ठरवता येतं.

डागापासून सुरुवात केली, कारण तो सुटला की बाकीचं ऐकायला मुलगी मोकळी होते. ‘धीट बन, लाजायचं काय त्यात’ हा सल्ला आम्ही देत नाही. कडी नसलेल्या दाराला धीटपणा हे उत्तर नव्हे.

ती भीतीपोटी एकावर एक दोन पॅड लावत होती. पॅडच्या तळाला प्लास्टिकचा थर असतो, त्यामुळे वरच्यातलं रक्त खालच्यात उतरत नाही. ते कडेनं बाहेर येतं, आणि जाडी वाढल्यानं सूर मारताना सगळंच सरकतं. त्याऐवजी एकच लांब, विंग्जवाला पॅड. आत घट्ट बसणारी सुती निकर, सैल लेसवाली नव्हे. पॅड कोरड्या कापडावरच चिकटवायचा, कारण घामानं ओल्या कापडावर गोंद धरत नाही. त्यावर सायकलिंग शॉर्ट, त्यावर गडद शॉर्ट. मांड्या घासतात तिथं पेट्रोलियम जेली, पण विंग्ज चिकटतात त्या भागापासून लांब. नवा पॅड ग्राउंडवर पोचल्यावर, सरावाला उतरण्याच्या अगदी आधी लावायचा. डाग पडलाच तर कपडा गार पाण्यात भिजवायचा; गरम पाण्यानं रक्त धाग्यात पक्कं बसतं.

पॅडऐवजी आत बसवायच्या मेन्स्ट्रुअल कपबद्दल मुलीनं स्वतः विचारलं. आईचा चेहरा लगेच बदलला. योनिपटलाची भीती बऱ्याच घरांत असते. ते ताणलं जाणारं पातळ आवरण आहे, खेळताना किंवा सायकल चालवतानाही ते थोडं फाटू शकतं, आणि त्यावरून मुलीबद्दल काहीही ठरवता येत नाही. हे आईला डॉक्टरांकडूनच ऐकवलं, कारण तिथं समुपदेशकाचा शब्द कमी पडतो. कप वापरायचा असेल तर लहान आकाराचा घ्यावा आणि पहिला प्रयोग सुट्टीच्या दिवशी घरी करावा, सामन्याच्या दिवशी कधीच नाही. हात बसायला सहसा दोन-तीन पाळ्या जातात. पाळी सुरू होताना तो पाच मिनिटं उकळायचा, नखं कापलेली हवीत, घडी घालून आत सरकवल्यावर तो पूर्ण उघडला का हे बोटानं चाचपायचं. गळती होते ती बहुतेक वेळा घडी न उघडल्यामुळे. काढताना दांडी ओढायची नाही. तळ चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवायची. या मुलीनं शेवटी पॅडच ठेवला. तेही ठीक.

थकव्याचा रकाना आम्ही डॉक्टरांकडे पाठवला. हिमोग्लोबिन १०.४ निघालं, या वयात १२च्या खाली म्हणजे ॲनिमिया. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली ॲनिमियाग्रस्त आढळल्या होत्या, तेव्हा यात नवल काही नाही. नवल याचं की रोज दोन तास पळणाऱ्या मुलीचं रक्त कुणी तपासलं नव्हतं. लोहाची गोळी सुरू झाली. लिंबू-पाण्याबरोबर घ्यायची, चहाच्या आसपास नाही, कारण चहामुळे लोह नीट शोषलं जात नाही. शौच काळसर होतं, त्याला घाबरायचं नाही. महिनाभरानं पुन्हा तपासणी. आणि आकडा सुधारला म्हणून गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत, साठा भरायला आणखी तीन महिने तरी लागतात.

दुखण्याचं त्या मानानं सोपं होतं. पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात, ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात, म्हणून कळा येतात. डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी कळा सुरू होतानाच, खाऊन घ्यायची. कळ असह्य होईपर्यंत थांबलं तर ती तेवढं काम करत नाही. गरम पाण्याची पिशवी पंधरा-वीस मिनिटं. हलक्या वॉर्म-अपनंही बऱ्याच मुलींना बरं वाटतं.

मात्र काही गोष्टींना घरगुती उपाय नाहीत. तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजणं, सात दिवसांहून जास्त रक्तस्राव, चक्कर येऊन पडणं, गोळीनंही न थांबणारं दुखणं, यांसाठी डॉक्टर हवेत. १५ वर्षं पूर्ण होऊनही पाळी न येणं किंवा आलेली पाळी तीन महिने गायब होणं हेही त्यातच. खेळाडूंच्या घरी हे शेवटचं ‘सराव जोरात चाललाय, बरंच झालं, कटकट गेली’ म्हणून सोडून दिलं जातं. खर्च होणाऱ्या ऊर्जेच्या मानानं शरीराला खायला कमी पडतंय याची ती खूण असू शकते, आणि त्यात हाडं कमकुवत होतात.

आईनं आणखी एक विचारलं: ‘सामन्याच्या वेळी पाळी पुढे ढकलायची गोळी देऊ? मेडिकलमध्ये मिळते.’ सहसा ती नॉरएथिस्टेरोन असते. अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते, बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. मधेच ठिपके दिसणं, पोट फुगणं, मळमळ असं होऊ शकतं, म्हणजे नेमक्या सामन्याच्या दिवशी वेगळाच त्रास. रक्तात गुठळी होण्याचा इतिहास असेल तर ती धोक्याची. डॉक्टरांना न विचारता नको, दर स्पर्धेला तर नकोच, आणि प्रशिक्षकानं तर कधीच हातावर ठेवू नये. ती उत्तेजक द्रव्यांच्या बंदी यादीत नाही, पण तिच्यामुळे लघवीत नँड्रोलोन या बंदी असलेल्या स्टेरॉइडच्या चाचणीत पाहिला जाणारा घटक अल्प प्रमाणात दिसू शकतो. म्हणून डोपिंग चाचणी झाली तर फॉर्मवर तिचं नाव लिहायचं.

उरले लोक. यात सर्वांत जास्त वेळ गेला.

वडिलांना मुलीच्या परवानगीनं सांगितलं. ते म्हणाले, ‘मीराबाई चानूही पॅरिसला म्हणाली होती की तिसरा दिवस होता. म्हणजे त्रास होतोच ना? मग कशाला खेळायचं?’ २०२४च्या त्या ऑलिंपिकमध्ये वेटलिफ्टर मीराबाईनं १९९ किलो उचललं आणि कांस्यपदक एका किलोनं हुकलं. अशक्तपणा जाणवत होता हे ती बोलली, आणि ती उतरलीही होती. २०१६मध्ये रिओत चीनची जलतरणपटू फू युआनहुई रिलेत चौथं आल्यावर कॅमेऱ्यासमोर असंच बोलली होती. वडिलांशी बोलणं याच धाग्यानं पुढे गेलं: त्रास सांगणं आणि खेळणं एकत्र चालू शकतं. सगळ्यांनाच सारखा त्रास होतो असंही नाही. २०२०मध्ये आलेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत कामगिरीत सरासरी फरक नगण्य आढळला. माणसागणिक मात्र तो खूप बदलत होता. म्हणून ‘मुलींनी’ काय करावं हा प्रश्न सोडून ‘हिनं’ काय करावं, एवढंच बोलायचं.

सर वाईट नव्हते, अवघडलेले होते. ‘मी पुरुष माणूस, विचारू कसं?’ विचारायचं नाहीच, असं ठरलं. रोज सगळ्या खेळाडूंनी, मुलांनीसुद्धा, तक्त्यावर आपल्या नावापुढे खूण करायची: पूर्ण, हलका किंवा बसून. कारण लिहायचं नाही. घोटा, ताप, पाळी, जागरण सगळं त्याच तीन खुणांत. ‘हलका’ म्हणजे काय तेही आधीच लिहून ठेवलं: पळणं आणि खो देण्याचा सराव करायचा, खांबावरचे सूर नाहीत. फक्त मुलींसाठी तक्ता केला असता तर तोच दुसरा डाग झाला असता.

क्लबच्या सचिवांना शॉर्टचा रंग बदलायला सांगितलं, तेव्हा ‘पहिल्यापासून क्रीमच आहे’ हे उत्तर अपेक्षितच होतं. पांढऱ्या कपड्यांबाबत हट्टी असलेल्या विम्बल्डननं २०२३पासून महिलांना स्कर्टखाली गडद शॉर्ट घालायची मुभा दिली, हे सांगितल्यावर ते हसले, पण नवी ऑर्डर नेव्ही ब्लूची गेली. स्वच्छतागृहाला कडी, आत बादली आणि झाकणाचा डबा आला. किट-पेटीत पॅड, दोन जादा शॉर्ट, साबण आणि जुनी वर्तमानपत्रं. वापरलेला पॅड कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायचा; ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या कचरावेचकांसाठी पुण्यात ही खूण ओळखीची आहे, ओल्या-सुक्यात हात घालून त्यांना तो वेगळा काढावा लागत नाही. औषधं मात्र पेटीत ठेवली नाहीत.

एक गोष्ट आम्हाला मुलींच्या बोलण्यातून कळली. खंडेनवमीला क्लबात साहित्याची पूजा होते, तेव्हा एक ताई ‘कुणाला अडचण आहे का’ विचारून मुलींना वेगळं उभं करायच्या. साठ पोरांसमोर. श्रद्धेवर वाद घातला नाही, त्यातून हाती काही लागत नाही. एवढंच मागितलं की कुणी विचारू नये. जिला लांब उभं राहायचं ती आपणहून राहील. ताई लगेच तयार झाल्या नाहीत, पण त्या वर्षी विचारलं नाही.

मुलांबरोबर वीस मिनिटांचं सत्र सरांनीच घेतलं, ही आमची अट होती. पाहुण्यानं येऊन सांगितलं की मुलं टाळ्या वाजवतात आणि विसरतात. इमोजी टाकणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं केलं नाही. सरांनी तीन वाक्यं बोलायची होती: पाळी काय असते, डाग दिसला तर शेजारी जाऊन हळूच सांगायचं किंवा जॅकेट द्यायचं, आणि यावर टिंगल झाली तर पुढचा सामना बाहेर बसून. तिसरं वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं, असं मुलगी सांगत होती.

जिल्हा संघाच्या निवड चाचणीला तिचा दुसरा दिवस होता. तिनं वॉर्म-अप निम्मा केला, मध्यंतरात पॅड बदलला आणि पूर्ण वेळ खेळली. निवड झाली नाही. खो-खोत आक्रमकानं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळता येत नाही; तिचा खांदा मागे वळतो म्हणून तिच्यावर लागोपाठ फाउल लागले. आता ती सरांबरोबर रोज अर्धा तास तेवढ्याच वळणाचा सराव करते.