रोज प्रार्थना करते, देव ऐकतोय का?

प्रश्न: ताई, मिस्टरांचा जॉब गेलाय, सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, सगळं माझ्या अंगावर पडलंय आणि रोज प्रार्थना करते पण काहीच हलत नाही, वर चर्चमधल्या बायका म्हणतात तुझा विश्वास कमी पडतोय. खरंच तसं असेल का?

उत्तर: नाही हो. असं म्हणणाऱ्यांना एक रात्र सासूबाईंची कूस बदलायला बोलवा म्हणजे कळेल (मला या बोलण्याची चीडच येते). बायबलमधल्या प्रेषित पौलाने शरीरातला काटा (म्हणजे सतत छळणारा त्रास) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली, तो काही गेला नाही, माझी कृपा तुला पुरे एवढंच उत्तर मिळालं, मग काय पौलाचा विश्वास कमी होता?

आणि बायबलच्या १ शमुवेल या पुस्तकातली हन्ना बघा ना. मूल नाही, सवत टोचून बोलायची, जेवण जात नव्हतं. शिलोच्या मंदिरात नुसते ओठ हलतायत, आवाज नाही, एली याजकाला वाटलं बाई दारू पिऊन आलीय! तिने सरळ सांगितलं, मी देवापुढे मन मोकळं करतेय. मग तिथून गेल्यावर ती जेवली, चेहऱ्यावरची उदासी गेली, आणि तिला पुढे झालेला मुलगा शमुवेल तर तेव्हा पोटातही नव्हता. मला वाटतं तिला पहिलं उत्तर तिथेच मिळालं.

तर तुम्हीपण छान छान शब्द शोधत बसू नका, चिडचिड, थकवा, राग जे असेल ते तसंच बोला देवाशी. आणि मिस्टर सध्या घरीच आहेत ना, मग रात्रीची औषधं त्यांच्याकडे द्या, तेवढी झोप तरी मिळेल तुम्हाला.