बंदुकीला कोणते तेल द्यावे?

प्रश्न : माझ्याकडे परवान्याची दुनळी बंदूक आहे. अनेक वर्षे मी तिला शिवणयंत्राचे तेल देत होतो. नंतर एका परिचितांच्या सल्ल्यावरून सगळीकडे डब्ल्यूडी-४० फवारू लागलो. आता चाप जड चालतो आणि बिजागरीपाशी काळपट, चिकट थर दिसतो. योग्य वंगण कोणते?

उत्तर : आपले आधीचे तेल वाईट नव्हते. शिवणयंत्राचे तेल हे पातळ खनिज तेल असल्याने ते सहसा चिकट होत नाही. दीर्घकाळ ठेवलेल्या शस्त्राला गंजापासून वाचवण्यात मात्र ते कमी पडते. डब्ल्यूडी-४० हे १९५३ मध्ये धातूवरील पाणी हटवून गंज रोखण्यासाठी तयार झाले आणि भिजलेली बंदूक कोरडी करायला ते आजही उपयोगी आहे. परंतु त्यातील बराचसा भाग उडून जातो, मागे राहणारा थर फार पातळ असतो, आणि फवाऱ्याने सैल झालेली काजळी व जुने तेल वाहत जाऊन आतल्या यंत्रणेत साचते. आपल्या चापाचे दुखणे बहुधा तेच असावे. दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनी खात्री करून बिजागरी आपण स्वतः पुसून घ्यावी, चापाची यंत्रणा मात्र जाणकार बंदूक-कारागिराकडूनच उघडवून घ्यावी.

एकच वंगण सर्वत्र वापरणे मला पटत नाही. बिजागरीच्या खिळीवर नळ्यांचा सगळा भार येतो आणि तिथे तेल दाबाखाली निसटून जाते, म्हणून तिथे ग्रीसच हवे; तेही टाचणीच्या डोक्याएवढे, बोटाने पसरलेले. चापाच्या सांध्यांना पातळ शस्त्रतेलाचा एखादा थेंब पुरतो. फायरिंग पिनची, म्हणजे काडतुसाच्या बुडावर आपटून बार उडवणाऱ्या खिळीची, जागा जवळजवळ कोरडी ठेवावी, कारण थंडीत घट्ट झालेले तेल पिनची गती मंदावते, आघात कमजोर पडतो आणि काडतूस उडत नाही. वनस्पतिजन्य तेले तर हवेने चिकट होत जातात. ती यंत्रणेत अजिबात घालू नयेत.

नळीतल्या तेलाचे काम घर्षण कमी करणे नसून गंज रोखणे हे आहे, त्यामुळे बार काढण्यापूर्वी नळी आणि काडतुसाचे घर (नळीच्या मागच्या टोकाची, काडतूस बसते ती जागा) कोरड्या चिंधीने पुसलेच पाहिजे. या घरात तेल राहिले तर काडतुसाची भिंतीवरची पकड सुटते आणि मागच्या भागावरचा धक्का वाढतो. जुन्या पद्धतीची, पोटॅशियम क्लोरेटयुक्त टोपीची (टोपी म्हणजे काडतुसाच्या बुडाचा, पिनच्या आघाताने पेटणारा भाग) काडतुसे वापरली असतील, तर नळीत मागे राहणारा क्षार हवेतला ओलावा ओढून घेतो आणि तेलात विरघळत नाही. अशा वेळी आधी गरम पाण्याने नळी धुवावी, पूर्ण सुकवावी आणि मगच तेलाचा हात फिरवावा. हे टाळून कितीही महागडे तेल लावले, तरी त्याखाली गंज धरतोच.

धुळीच्या जागी वापर असेल तर तेल आणखी कमी करावे, कारण धूळ आणि तेल मिळून धातू घासणारा लेप तयार होतो. बंदूक कपाटात उभी ठेवताना नळीचे तोंड खाली ठेवावे. अन्यथा तेल मागे झिरपून दस्त्याच्या लाकडात मुरते, जोडापाशी लाकूड काळवंडून मऊ पडते आणि स्क्रूची पकड ढिली होते.