‘नस’, ‘शीर’ आणि ‘धमनी’

‘मेंदूची नस फुटली असे म्हणतात, त्यातली नस म्हणजे धमनी की शीर? आणि मेंदूतले रक्त परत नेणाऱ्या मार्गांना सायनस का म्हणतात? सायनस तर सर्दीत दुखते ना?’ असा प्रश्न एका वाचकाने विचारला आहे.

पहिल्या भागाचे उत्तर असे की फुटते ती बहुतेक वेळा धमनी, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणारी वाहिनी; रक्त हृदयाकडे परत आणते ती शीर. दीर्घकाळच्या उच्च रक्तदाबाने मेंदूत खोल शिरलेल्या बारीक धमन्या कमकुवत होतात आणि फुटतात, किंवा मेंदूच्या तळाशी एखाद्या धमनीला आलेला फुगा फुटतो. ‘नस’ हा शब्द मात्र इथे सर्वस्वी अस्थानी आहे. त्याचे मूळ संस्कृत ‘स्नसा’ म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, म्हणजे रक्ताशी त्याचा मुळात संबंधच नाही. आज कंडरा, मज्जातंतू, धमनी आणि शीर या चारही गोष्टींना सरसकट ‘नस’ म्हटले जाते, आणि मग ‘नस दबली’ व ‘नस फुटली’ हे एकाच अवयवाचे दोन आजार आहेत असा समज होतो.

‘शिरा ताणून ओरडणे’ हा वाक्प्रचार याउलट अगदी अचूक आहे. ओरडताना छातीतला दाब वाढतो, डोक्याकडून परत येणारे रक्त अडते आणि मानेवर ज्या टरारून फुगतात त्या खरोखरच शिरा असतात. ‘शिर’ म्हणजे डोके, म्हणून ‘शीर’, ही अधूनमधून ऐकू येणारी व्युत्पत्ती मात्र सोडून द्यावी. मूळ शब्द ‘सिरा’ आहे, आणि ‘सरणात् सिराः’, म्हणजे सरते, वाहते ती सिरा, असे चरकसंहितेनेच सांगून ठेवले आहे.

पाठ्यपुस्तकांनी आणि कोशांनी धमनी व शीर यांसाठी रूढ केलेल्या ‘रोहिणी’ व ‘नीला’ या जोडीबद्दल माझे मत कठोर आहे. सुश्रुताने सिरांचे जे चार प्रकार रंगांवरून सांगितले, त्यांत नीला पित्त वाहणारी आणि रोहिणी रक्त वाहणारी. म्हणजे दोन्ही सिराच. परिभाषा घडवणाऱ्यांनी त्यांतले दोन रंग उचलून एकीला धमनी केले आणि दुसरीला शीर. शिवाय हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या ‘रोहिणी’त काळपट रक्त असते आणि फुप्फुसाकडून येणाऱ्या ‘नीले’त लालभडक! वाहिनीचे नाव रक्ताच्या दिशेवरून ठरते, रंगावरून नव्हे, हे साधे तत्त्व या जोडीने पुसून टाकले.

खरी मौज ‘धमनी’त आहे. चरकाच्या त्याच वचनात ‘ध्मानाद्धमन्यः’ असे आहे. ‘ध्मा’ म्हणजे फुंकणे. ‘शङ्खं दध्मौ’ मधला धातू तोच. चरकसंहितेचा टीकाकार चक्रपाणी याने ‘ध्मान’ म्हणजे ‘पूरण’, रसादिकांनी भरणे, असा अर्थ दिला आहे, आणि पुढच्या पुष्कळांनी तो निमूटपणे उतरवून घेतला. मला तो मुळीच पटत नाही, कारण धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘ध्मा’चे अर्थ शब्द आणि अग्निसंयोग हे आहेत, आणि दोन्हींत फुंकर आहे, भरणे नाही. आता ग्रीकांकडे पाहावे. त्यांचा ‘आर्टेरिया’ हा शब्द आधी श्वासनलिकेला लावला जाई, आणि इरॅसिस्ट्रेटस या ग्रीक वैद्याच्या मते धमन्यांतून रक्त नव्हे तर ‘न्यूमा’, म्हणजे प्राणवायूसारखे काही, वाहत असे; त्यांत रक्तच असते हे पुढे गेलन या वैद्याने दाखवून दिले. दोन दूरच्या परंपरांनी एकाच वाहिनीला वाऱ्याचे नाव द्यावे, याचे कारण उसनवारी नसून शवविच्छेदन असावे, असा माझा तर्क आहे. मृत्यूनंतर धमन्यांतले बरेचसे रक्त शिरांकडे सरकते, धमनी कापल्यावर ती पोकळ नळीसारखी दिसते, आणि पोकळ नळी फुंकण्यासाठीच असणार असे पाहणाऱ्याला वाटते. मानेतल्या ‘कॅरोटिड’ धमनीचे नावही ग्रीकांचेच. ते गाढ गुंगीच्या शब्दावरून आले, कारण ती दाबली की माणूस बेशुद्ध होतो अशी त्यांची समजूत होती. अशा दोन कॅरोटिड आणि मणक्यांच्या छिद्रांतून वर चढणाऱ्या दोन धमन्या मिळून मेंदूला रक्त पुरवतात, आणि त्याच्या तळाशी त्यांच्या शाखांचे जे कडे जुळते, त्याचे सविस्तर वर्णन टॉमस विलिस या इंग्रज वैद्याने 1664 मध्ये केले. शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के असलेला मेंदू हृदयाने ढकललेल्या रक्तापैकी सुमारे 15 टक्के रक्त घेतो ते याच वाटांनी.

राहिला सायनस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ वस्त्राची चुणी, खोलगट वळण, आखात. सर्दीत दुखतात त्या चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. मेंदूभोवती आहेत त्या कठीण आवरणाच्या दोन थरांमधल्या रक्ताच्या पोकळ्या. नावापलीकडे त्यांचे नाते नाही. मेंदूच्या शिरा या पोकळ्यांत रिकाम्या होतात आणि तिथून रक्त मुख्यतः मानेतल्या मोठ्या शिरांत उतरते. या पोकळ्यांच्या भिंतीत स्नायू नसतो आणि आत झडपाही नसतात, म्हणून त्यांना नुसते ‘शीर’ म्हणणेही बरोबर नाही, ‘शिराकुहर’ म्हणावे. त्यांत गुठळी झाली तर रक्त मागे तुंबते आणि त्या तुंबण्यानेही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणूनच पहिल्या उत्तरात मी ‘बहुतेक वेळा’ असे म्हटले आहे.