पोकर नवीनच शिकतोय, कुठल्या चुका टाळू?

टेक्सास होल्डेम (हातात दोन पत्ते आणि टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, असा पोकरचा प्रकार) खेळत असशील तर सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक हात खेळणं, तीनपत्तीची सवय असली की पत्ते टाकायला जिवावर येतं पण इथे दहातले सात-आठ हात सरळ फोल्ड करायचे, म्हणजे पत्ते टाकून द्यायचे, त्यात लाज कसली. एक्का-पंजी बघून हुरळू नकोस, टेबलावर एक्का आला तरी समोर एक्का-राजा निघाला की गेलास.

दुसरं, थोडं गणित. बदामचे चार पत्ते जमलेत, एकच पत्ता उघडायचा बाकी, तर फ्लशचा (पाचही पत्ते बदामचे व्हायचा) चान्स साधारण २० टक्के. पॉट (मधे जमलेले पैसे) १०० चा आणि समोरच्याने १०० लावले तर कॉल, म्हणजे तेवढेच १०० तू लावणं, परवडायला ३३ टक्के हवेत (एकूण ३०० मधले १०० तुझे), म्हणजे सोड.

आणि जो काहीही कॉल करतो त्याला ब्लफ मारू नकोस रे, तो ऐकतच नाही.