भुयारी गटाराला घर जोडायला किती खर्च येतो? सेप्टिक टाकी चांगली असताना जोडणी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव नगर परिषदेच्या हद्दीत आलं, घरासमोरून भुयारी गटाराची लाइन गेली, संडास मागे सांदवाडीत आहे, टाकीही तिथंच. एक मिस्त्री १५ हजारांत करून देतो म्हणतो, शेजाऱ्याचे ६० हजार गेले. खरा आकडा कोणता, आणि टाकी असताना हा खटाटोप करायचा का?

दोन्ही आकडे खरे असू शकतात. नगर परिषदेचं शुल्क हा त्यातला लहान भाग असतो. खर्च ठरवतो तो उतार, म्हणजे तुमच्या संडासाच्या पाइपाचा तळ आणि रस्त्यातल्या लाइनचा तळ यांतला फरक. ही पातळी मोजल्याशिवाय कोणालाही एक रुपया देऊ नका, अर्जही भरू नका.

त्याआधी एक खात्री करा. रस्त्यात गेलंय ते भुयारी गटारच आहे ना? आपल्याकडे उघड्या नालीच्या जागी सिमेंटचे पाइप गाडले की त्यालाही लोक भुयारी गटारच म्हणतात. ती बंदिस्त नाली असते, पावसाच्या आणि मोरीच्या पाण्यासाठी, आणि ती गावाबाहेरच्या नाल्यात उघडते. तिला संडास जोडायचा नाही. खऱ्या भुयारी गटाराच्या टोकाला मलप्रक्रिया केंद्र असतं. अभियंत्याला सरळ विचारा: केंद्र सुरू झालं का, आणि आमच्या गल्लीतलं पाणी तिथपर्यंत पोचतं का? लाइन टाकून झाली पण पंपिंग स्टेशन सुरू नाही, अशा अवस्थेत घरं जोडली की मैला मॅनहोलमध्ये तुंबतो आणि सगळ्यात सखल घराच्या मोरीतून वर येतो. योजना कार्यान्वित नसेल तर थांबा, टाकी वापरत राहा.

आता पातळी. पारदर्शक लेव्हल पाइपात पाणी भरायचं, एक टोक संडासापाशी, दुसरं रस्त्यावरच्या चेंबरपाशी धरायचं. चेंबरची खोली नगर परिषदेच्या माणसाकडूनच बाहेर उभं राहून काठीनं मोजून घ्या. झाकण स्वतः उघडून आत वाकू नका, जवळ बिडी-काडी तर नकोच. आतला वायू दिसत नाही आणि माणूस उठत नाही.

घराच्या आतल्या ४ इंची (११० मिमी) पाइपाला ४० ला १ उतार लागतो, म्हणजे १० फुटांच्या एका पाइपाला ३ इंच. रस्त्यातल्या ६ इंची (१६० मिमी) पाइपाला ६० ला १, म्हणजे १० फुटांना २ इंच. समजा तुमच्या संडासाचा पाइप जमिनीखाली दीड फुटावर निघतो, फाटकापर्यंत ४० फूट आणि पुढे रस्त्यात १५ फूट अंतर आहे. आवारात १२ इंच खाली जायचं, रस्त्यात आणखी ३ इंच. म्हणजे लाइनचा तळ तुमच्या आवाराच्या पातळीपासून निदान २ फूट ९ इंच खाली हवा. आता सिमेंटचा रस्ता दर वेळी जुन्यावरच चढवत नेल्यामुळे तो आवारापेक्षा फूटभर वर असेल, तर चेंबरच्या झाकणापासून मोजताना हाच आकडा ३ फूट ९ इंच होतो. मिस्त्री नेमका इथंच चुकतो. खोली झाकणापासून मोजतो, उतार आवारापासून धरतो.

उतार दोन-चार इंचांनी कमी पडत असेल तर ४ इंची पाइप ६० ला १ पर्यंत ओढता येतो, फक्त पाइप घालणारा हात नेमका हवा, कुठंही पोट पडता, म्हणजे पाइप मध्येच खाली लवता, कामा नये. फूटभर कमी पडत असेल तर संडासाचं जोतं दोन पायऱ्या उचला. पंप बसवून मैला वर चढवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. वीज गेली की घर तुंबतं.

मोठा पाइप घातला तर तुंबणार नाही, हा समज उलटा आहे. एका कुटुंबाच्या संडासाला आवारात ४ इंचीच योग्य. ज्या गावात नळ चार-पाच दिवसांआड येतो तिथं लोक संडासात मोजून बादलीभर पाणी ओततात. ते पाणी ६ इंची पाइपात पातळ पसरतं आणि मळ जागीच बसतो.

घराबाहेर जमिनीखाली जाणारा पाइप विकत घेताना त्यावर आयएस १५३२८ हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला पाहा. भिंतीवरून उतरणारा एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्याचा) पाइप वेगळा, त्याला आयएस १३५९२. त्यातही मैल्यासाठी बी प्रकार, ए प्रकार हवेच्या नळीला आणि पावसाच्या पाण्याला. शेतीच्या पाइपाचे उरलेले तुकडे वापरण्याचा मोह होतो, कारण ते गोठ्यात पडूनच असतात. ते जमिनीखालच्या गटारासाठी बनवलेले नसतात, म्हणून नको.

वऱ्हाडातल्या भारी काळ्या मातीसाठी वेगळं सांगायला हवं. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. त्या हालचालीत सॉल्व्हंटनं चिकटवलेले सांधे तुटतात आणि चेंबर कलतं. म्हणून लांब ओळीत रबर रिंगचे सांधे घ्या, ते थोडं सरकू देतात. चर दीड फूट रुंद, पाइपाखाली ४ इंच आणि पाइपावर ६ इंच बारीक मुरूम किंवा रेती. निघालेली काळी माती पाइपाला लागू द्यायची नाही, ती फक्त वरच्या थराला. ४० फुटांच्या चरीला असा मुरूम साधारण ०.७ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लागतो, म्हणजे एक ट्रॉली पुरते. ही एक ट्रॉली वाचवायला गेलेले लोक तिसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा आवार खोदतात.

काम पावसाळ्यात काढू नका, मे महिन्यात तर माती दगडासारखी असते. दिवाळी ते होळी हा काळ बरा, पण त्यातला पहिला अर्धा भाग कापूस वेचणीचा, मजूर मिळत नाहीत. संक्रांतीनंतर सुरू केलेलं उत्तम.

चेंबर प्रत्येक वळणावर आणि प्रत्येक जोडावर हवं. आतून २ फूट बाय २ फूट, २ फूट खोल, ९ इंची भिंतीचं एक चेंबर धरलं तर सुमारे २३० विटा आणि तळ, बांधकाम, गिलावा मिळून दोन पोती सिमेंट लागतं. साडेचार इंची भिंत केली तर १०० विटांत भागतं, आणि मुरमाड जमिनीत ते चालतंही. काळ्या मातीत चालत नाही. आतला गिलावा १:३ चा, घोटून. तळाला अर्ध्या पाइपाच्या आकाराची नाळ काढून दोन्ही बाजू तिच्याकडे उतरत्या करायच्या. बहुतेक मिस्त्री तळ सपाट सोडतात, मग मैला कोपऱ्यात साठतो आणि वर्षभरात चेंबर भरतं. झाकण आवाराच्या जमिनीपेक्षा २-३ इंच वर ठेवा, नाहीतर पावसाचं सगळं पाणी त्यातून गटारात जाईल.

९० अंशाचा एल्बो कुठंच नको, ४५ चे दोन वापरा. काटकोनी टी जोडाऐवजी तिरका वाय जोड. मोरी आणि भांडी घासायची जागा गली ट्रॅपमधूनच, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या जोडातूनच, जोडा. त्यात निदान २ इंच पाणी कायम उभं राहिलं पाहिजे, तेच वास अडवतं. उन्हाळ्यात घर बंद ठेवून गावाला जाता तेव्हा हे पाणी आटतं, आणि परत आल्यावर घरात घाण वास येतो. तांब्याभर पाणी ओतलं की संपलं, प्लंबर बोलावायची गरज नाही. हवेची नळी छपराच्या वर न्या आणि तोंडाला जाळी बांधा. नळी नसेल तर संडासातलं पाणी जाताना बाजूच्या ट्रॅपमधलं पाणीही ओढून नेतं.

राख-मातीनं भांडी घासत असाल तर ट्रॅपच्या आधी लहान गाळखड्डा ठेवा. गोठ्याचं पाणी, शेण, कुटार यातलं काहीही या लाइनमध्ये सोडायचं नाही. पन्हाळीचं पाणीही नाही, ते नालीत. घराची मोरी रस्त्यावरच्या मॅनहोलच्या झाकणापेक्षा खाली असेल तर फाटकाजवळच्या चेंबरमध्ये उलटं पाणी अडवणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह घाला आणि पावसाळ्याआधी तो उघडून साफ करा.

आता पैसे. वरच्याच उदाहरणाचं घर धरतो, तीन चेंबरं. भाव तालुक्यागणिक बदलतात, म्हणून हे अंदाजाचे आकडे समजा. ४ इंची पाइप पाच नग आणि फिटिंग मिळून ६ हजार; रस्त्यातला ६ इंची पाइप ३ हजार; चेंबरं झाकण-मजुरीसह साडेपाच-सहा हजाराला एक, म्हणजे १७-१८ हजार; खोदाई अडीच-तीन हजार; मुरूम दीड-दोन हजार; प्लंबर ५ ते ६ हजार; जुनी टाकी बंद करणं ६-७ हजार. सगळं मिळून ४० ते ४५ हजार. फरशी फोडून पुन्हा बसवायची असेल तर ती वेगळी. १५ हजारवाला मिस्त्री बहुधा दोन चेंबरं, मुरूम आणि टाकी यातून वगळतो. दुकानदाराचा भाव विचारताना १८ टक्के जीएसटी धरून की सोडून, तेही विचारा.

नगर परिषदेचं वेगळं: जोडणी शुल्क, अनामत आणि रस्ता फोडण्याचं शुल्क. सिमेंट रस्ता असेल तर यातलं शेवटचं सगळ्यात जड. म्हणून पैसे भरण्याआधी विचारा की योजनेच्या अंदाजपत्रकात घरजोडणी धरली आहे का. अनेक योजनांत फाटकापर्यंतचा पाइप आणि तिथलं चेंबर कंत्राटदाराच्याच कामात असतं. तसं असेल तर रस्त्यातला पाइप, एक चेंबर आणि रस्ता फोडणं हा भार तुमचा नाही. तोंडी उत्तर पटलं नाही तर माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर अंदाजपत्रकाची प्रत मागता येते. दर कोणत्या ठरावानं ठरले तो ठराव क्रमांकही मागा, पावती नसलेला पैसा देऊ नका. पुढे मालमत्ता करात मलनिःसारणाची रक्कम दरवर्षी लागू शकते, तीही आताच विचारून ठेवा.

अर्जाला मालमत्ता कर आणि पाणीपट्टी भरल्याच्या पावत्या, आकारणी उतारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि आवाराचा साधा नकाशा लागतो. जागा नझुलाची (सरकारी मालकीची) किंवा जुन्या ले-आउटमधली असेल तर कागद आधी दाखवून घ्या. जलनिःसारण जोडणी ही महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित सेवा आहे, म्हणून अर्जाची पोच घ्या. ठरलेली मुदत टळली तर अपील करता येतं.

टाकी चांगली असताना जोडावी का? मुरमाड जमिनीत, शोषखड्डा पाणी पीत असेल आणि नोटीस आली नसेल तर घाई नाही. नोटीस काढून जोडणी घ्यायला लावण्याचा अधिकार नगर परिषदेला असतो हे मात्र ध्यानात ठेवा. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात पाणी घेतच नाही, टाकीचं पाणी नालीत सोडावं लागतं. तिथं मी जोडणीच घ्या म्हणेन. आणि जोडणी घ्यायची तर टाकी वगळून थेट. टाकीचा निकास गटाराला जोडला की उपसा करण्याचा खर्च राहतोच, वरून सडलेल्या पाण्याचा वायू सिमेंटचे पाइप आणि चेंबरं खातो.

टाकी बंद करताना उपसा गाडीनंच रिकामी करा. संरक्षक साधनांशिवाय आत माणूस उतरवणं हातानं मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये सांगितलं आहे. रिकाम्या टाकीत चुना टाका, वरूनच पहारीनं तळाला भोक पाडा म्हणजे पावसाचं पाणी आत उभं राहणार नाही, आणि मुरमानं भरा. ८ × ४ × ५ फुटांची टाकी म्हणजे १६० घनफूट, दीड ब्रासच्या वर. दोन ट्रॉल्या, थराथरानं पाणी मारून दाबून. तिच्यावर लगेच भिंत उभारू नका.

चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून ओळ पाण्यानं भरा आणि अर्धा तास पातळी पाहा. मग एका चेंबरातून टॉर्च मारून दुसऱ्यात आरसा धरा. प्रकाशाचं पूर्ण वर्तुळ दिसलं तर पाइप सरळ, चंद्रकोर दिसली तर मध्ये पोट आहे. तेवढा तुकडा त्याच दिवशी उचलून घ्या, मिस्त्रीचे शेवटचे पैसे त्यानंतर. उघड्या चरीचे मोबाइलवर फोटो काढा आणि भिंतीपासून पाइपाचं अंतर लिहून पावतीसोबत ठेवा. पुढे बोअरवाला किंवा खांब रोवणारा आला की पहार नेमकी कुठं मारायची नाही ते सांगता येतं.