कृषी विद्यापीठ म्हणजे फक्त शेतीची पदवी देणारं कॉलेज का? तिथल्या ग्रंथालयात वेगळं काय असतं?

नाही, पदवी हा एक भाग झाला. शिक्षण, संशोधन आणि विस्तार (म्हणजे शोधलेलं शेतकऱ्यापर्यंत नेणं) ही तिन्ही कामं तिथे एकत्र चालतात. ही त्रिसूत्री अमेरिकेतली. १८६२च्या मॉरिल कायद्याने सरकारी जमिनींच्या विक्रीतून कॉलेजं उभी राहिली, १८८७ला प्रयोग केंद्रं जोडली गेली, १९१४ला विस्तारसेवा. भारतात १९६० साली पंतनगरला (आता उत्तराखंडात) पहिलं कृषी विद्यापीठ याच धर्तीवर निघालं.

ग्रंथालयाचं म्हणाल, तर पाठ्यपुस्तकं कुठेही मिळतात. खरा ठेवा विद्यार्थ्यांच्या संशोधन-प्रबंधांच्या कपाटात! कुठल्या वाणाला किती खत दिलं, पाऊस किती झाला, हेक्टरी उतारा किती आला, सगळं तक्त्यांत. फसलेले प्रयोगसुद्धा. नवा प्रयोग मांडण्याआधी ते चाळाच, अख्खा हंगाम वाया जायचा वाचू शकतो.