रिळं कोण हलवतं?

"आई माझ्यावर आळ घेतात," सून आल्या आल्या म्हणाली. आळ कसला, तर दोऱ्याची रिळं हलवल्याचा.

सासूबाई अडुसष्ट वर्षांच्या. घरीच साड्यांना पिको-फॉल करून देतात, तीसेक वर्षं. दिवाळीपासून घरात रोजचं एकच भांडण: "काळं रीळ इथे होतं, तिथे निळं कुणी ठेवलं?" त्यात त्यांनी संध्याकाळचं भजन सोडलेलं, गुडघे दुखतात म्हणून. जरा काही बोललं की चिडायच्या. मुलाने मोबाइलवर बरंच वाचून ठेवलं होतं. आई बाहेर बसलेली असताना त्याने हळूच विचारलं, "मॅडम, ही डिमेन्शियाची सुरुवात तर नाही ना?"

साठी-पासष्टी उलटलेलं माणूस संशयी झालं, घराबाहेर पडेना, की घरच्यांचं मन आधी तिकडेच धावतं. हा प्रश्न मला वेगवेगळ्या घरांतून येतो, म्हणून ही हकीकत सांगते. काकूंनी लिहायला परवानगी दिली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पहिल्या दोन भेटी मी वाया घालवल्या. सासू-सून समोर बसल्या की आम्हा समुपदेशकांना नात्याचाच गुंता दिसतो. डोळ्यांचं विचारलं नव्हतं असं नाही. पण काकू ठसक्यात म्हणाल्या, "डोळे? अहो, हल्ली चष्म्याशिवाय सुई ओवते मी!" आणि पिशवीतून सुई-दोरा काढून माझ्यासमोर एका झटक्यात ओवून दाखवला. मी कागदावर 'दृष्टी ठीक' लिहून मोकळी.

तिसऱ्या वेळी म्हटलं, तो रिळांचा डबाच घेऊन या. भांडणाचं मूळ समोर असलं की बोलणं सोपं जातं, एवढाच हेतू. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा टेबलावर ओतला. "काकू, यातली काळी तेवढी वेगळी करा." त्यांनी भराभर सात रिळं बाजूला काढली. त्यात काळी दोनच. तीन नेव्ही ब्लू, एक गडद जांभळं, एक बॉटल ग्रीन. सून बोलायला तोंड उघडणार, तिला मी खुणेने थांबवलं. एक नेव्ही ब्लू रीळ काकूंच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकापर्यंत नेलं, खिडकीकडे तिरकं धरलं, अंगठ्याने दोरा थोडा उलगडला. मग आवाज एकदम खाली आला. "काळंच आहे ना हे?"

कुणीच काही बोललं नाही. पुढे त्याच बोलू लागल्या. भजनाला न जाण्याचं कारण गुडघे नव्हतेच. अंधारात समोरून मोटारसायकल आली की दिव्याभोवती किरणांचा पिसारा फुटायचा आणि रस्ता दिसेनासा व्हायचा. जिन्याची शेवटची पायरी पायाने चाचपावी लागे. एका गिऱ्हाइकाने नेव्ही ब्लू साडीला काळा दोरा लावल्याचं दाखवून साडी परत आणली होती. काकूंनी पैसे परत दिले आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. तीस वर्षं रंग जुळवणाऱ्या बाईला रंग दिसत नाही म्हणण्यापेक्षा सून रिळं हलवते म्हणणं सोपं होतं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. काचबिंदू नाही, पडदा चांगला. आणि ती सुई? तीही मोतीबिंदूचीच करणी. काही जणांत डोळ्यातलं भिंग मध्यभागी घट्ट आणि पिवळट-तपकिरी होत जातं. घट्ट झालं की त्याची ताकद वाढते. लांबचं बिघडतं, पण जवळचं काही काळ चष्म्याशिवाय दिसू लागतं. घरात कौतुक होतं, नजर परत आली म्हणून! पिवळं पडलेलं भिंग निळा प्रकाश अडवतं, म्हणून निळं ते काळं दिसतं.

तरी काकू ऑपरेशनला तयार होईनात. आधी "मोती पिकू दे", मग "उन्हाळा जाऊ दे". खरं कारण निघालं वडिलांचं. पन्नासेक वर्षांपूर्वी शिबिरात त्यांचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्यांवर पट्ट्या, डोकं हलवायचं नाही, आणि नंतर तो जाड भिंगांचा चष्मा. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसे, भाकरीकडे नेलेला हात अलीकडेच थांबे. ते बघतच काकू मोठ्या झाल्या होत्या. नुसतं "हल्ली काही होत नाही हो" म्हणून ही भीती जात नाही. तेव्हा भिंग काढून जागा रिकामी ठेवत, म्हणून तो चष्मा. आता तिथेच कृत्रिम भिंग बसवतात. छेद दोन-तीन मिलिमीटरचा, बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी. पिकायची वाट बघणं हा त्या जुन्या पद्धतीचा सल्ला. आता फार पिकलेला मोतीच काढायला अवघड जातो. ऋतूचाही काही संबंध नाही. हे सगळं मी नाही, डॉक्टरांनी त्यांना समजावलं. मी फक्त प्रश्न कागदावर लिहून दिले होते.

मी सांगितली ती क्लॉड मोनेची गोष्ट. फ्रान्सचा हा चित्रकार. मोतीबिंदूचं निदान १९१२ साली झालं, ऑपरेशनला तयार झाला १९२३ साली, वयाच्या ८२व्या वर्षी. मधल्या काळात रंगांच्या नळ्यांवरची नावं वाचून रंग घ्यायचा. काकूंना त्याच्या भीतीत रस नव्हता. "नावं वाचून?" एवढंच त्यांनी पकडलं.

त्या आठवड्यात सुनेने प्रत्येक रिळावर ठळक अक्षरांत चिठ्ठी चिकटवली. भांडण तिथेच निम्मं झालं.

ऑपरेशन मे महिन्यात झालं, ऐन उन्हाळ्यात. आधी उजवा डोळा. दहा दिवसांनी काकू आल्या त्या एकेक डोळा मिटून बघत. सुनेच्या ओढणीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ह्या डोळ्याने जांभळी, ह्या डोळ्याने मातकट." रुसवाही होताच: आता त्या डोळ्याने सुई चष्म्याशिवाय ओवता येईना. लांबच्या नजरेचं भिंग बसवलं की जवळच्याला चष्मा लागतो, हे आधी ठाऊक होतं, पटलेलं नव्हतं.

दुसरा डोळाही झाला. परवा साडी द्यायला गेले तेव्हा डबा उघडाच होता. चिठ्ठ्या अजून तशाच. मी बघतेय हे बघून काकू म्हणाल्या, "राहू देत. तिचं अक्षर चांगलं आहे."